दोन फाटकांमधली जागा

(दृश्य : मोकळी जमीन, फक्कीच्या पांढऱ्या रेषा)

या रेषांवर कुंपण उभं राहणार आहे. आत कुत्र्यांना पट्ट्याशिवाय पळता येईल. अशा बागांसाठी अमेरिकन केनेल क्लब ही कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणारी संस्था शक्यतो १ एकर किंवा त्याहून जास्त जागा सुचवते. पण मोठं मैदान मिळालं तरी बागेचं बरंवाईट ठरतं ते दाराशी.

(दृश्य : वेल्डिंगच्या ठिणग्या, फाटकाची चौकट)

एकामागे एक अशी दोन फाटकं. बाहेरचं लागल्याशिवाय आतलं उघडायचं नाही. मधल्या चौकात पट्टा काढायचा, मगच आत सोडायचं. यामुळे कुत्रं रस्त्यावर निसटत नाही, हे कुणीही सांगेल. दुसरं कारण सहसा कुणी सांगत नाही. नवं कुत्रं आलं की आतली सगळी टोळी दाराशी धावते. बाकीची मोकळी आणि हे एकटं पट्ट्यात; मागे हटायचं म्हटलं तरी हटता येत नाही. पहिली गुरगुर इथेच होते. म्हणून चौक ऐसपैस हवा, आणि जमलं तर आत यायची व बाहेर पडायची वाट वेगळी हवी. हाडाच्या आकाराची कमान नंतरही बसवता येते, चौक नंतर वाढवणं फार महागात पडतं.

(दृश्य : दोरी धरून आखलेलं वळण)

इथे काटकोन मोडून कुंपणाला गोलाई दिली जातेय. कोपऱ्यात कोंडलेलं कुत्रं एक तर दबून बसतं, नाहीतर चावतं. कुंपणाची उंची साधारण ४ ते ६ फूट. जाळी थोडी जमिनीत पुरलेली, कारण माती उकरणाऱ्यांना उंचीशी काही देणंघेणं नसतं.

(दृश्य : चर खणणारे कामगार)

गवत सगळ्यात आधी जातं ते दाराशी, पायांखाली तुडवून. बाकी ठिकाणी लघवीतल्या नायट्रोजनमुळे ते डागाडागांनी करपतं. म्हणून दाराजवळ बारीक खडी, गवत पुढे. जमिनीला १०० फुटांत २ फुटांचा उतार, म्हणजे पाणी चराकडे जाईल. साचलेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस हा जिवाणूंमुळे होणारा आजार पसरू शकतो, त्यामुळे चराच्या खर्चात कात्री लावू नये.

(दृश्य : बाकं)

बाकं मुद्दाम विखरून ठेवली आहेत. माणसांचा गप्पांचा फड जमला, की कुत्र्यांकडे पाठ होते.

शेजारच्या घरांना भुंकणं ऐकू येणारच. त्यासाठी झाडांची रांग आणि ठरावीक वेळा आहेत.

(दृश्य : आतलं फाटक उघडतं. निवेदन नाही, फक्त जागेवरचा आवाज.)

मोठ्या कुत्र्यांचा भाग आज सुरू झाला. लहान कुत्र्यांसाठी वेगळं कुंपण आणि वेगळं दार आहे. तिथलं गवत अजून मूळ धरतंय, त्यामुळे ते फाटक आणखी काही आठवडे बंद राहील.