रोलर बदलण्याआधी विहिरीत डोकावा

(रत्नागिरीतील मुद्रकांच्या मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)

मंडळी, नमस्कार. पत्रिकेवर विषय छापलाय, ‘ऑफसेट मशीनच्या रोलरचे बिघाड : निदान आणि काळजी’. ते सांगणारच आहे, पण आधी मला पाण्याबद्दल बोलू द्या. आपल्या किनारपट्टीवर रोलरची जी दुखणी मी पाहतो, त्यांतली बरीचशी विहिरीतून वर येतात. आपण मात्र हवेला बोल लावतो, नाहीतर रबर चढवून देणाऱ्याशी भांडतो.

हवेला बोल लावायची सवय जुनी आहे. इथे बसलेल्या ज्येष्ठांनी ट्रेडलचे, म्हणजे पायाने चालवायच्या जुन्या छपाई मशीनचे, सरस-गुळाचे रोलर पाहिले असतील. ते खरंच हवेचे गुलाम होते. पावसाळ्यात ओल धरून फुगायचे, उन्हाळ्यात मऊ पडायचे. त्या काळी ‘हवा बाधली’ हे निदान बरोबर होतं. आता आपल्या मशीनवर नायट्राइल हे कृत्रिम रबर आहे. रोलर बदलले, निदान तेच राहिलं.

खाडीकाठच्या एका छापखान्याची गोष्ट सांगतो. नाव नको, मालक आपल्यातलेच आहेत. एप्रिल-मे म्हणजे लग्नपत्रिकांची घाई. त्याच दिवसांत त्यांच्या रोलरनी शाई धरणं सोडलं. मधेच उघडे पट्टे पडायचे, छपाई फिकी यायची. मशीनमन शाई वाढवायचा, मग प्लेट घाण मारायची, म्हणजे कोऱ्या जागीही शाई धरायची; तिथे शाईला पाणीच अडवतं, म्हणून पाणी वाढवायचा, की शाई आणखी पळायची. शेवटी अख्खा संच बदलला. पाऊसभर झकास चालला. पुढच्या मे महिन्यात पुन्हा तेच! मालकांची खात्रीच पटली की रबर खोटं आहे.

मी गेलो तेव्हा रोलर धुऊन ठेवलेले होते, आणि अगदी नीट धुतलेले. त्यांचा हेल्पर रोज रात्री मन लावून धुलाई करतो, त्याला दोष नाही. पण रोलर काचेसारखे चकाकत होते. चांगल्या रबराला मखमली मंदपणा असतो. मी विचारलं, फाउंटनला, म्हणजे प्लेट ओली ठेवणाऱ्या कुंडीला, पाणी कुठलं? म्हणाले, मागच्या विहिरीचं, आम्ही पितो तेच. तेवढ्यात चहा घेऊन आलेल्या वहिनी म्हणाल्या, “पावसात गोड असतं हो. मे महिन्यात मचूळ होतं. डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही.”

वहिनींनी एका वाक्यात निदान केलं! डाळ न शिजवणारं पाणी म्हणजे जड पाणी, त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार. पाऊस पडतो तोवर विहीर गोड्या पाण्याने भरलेली असते. उन्हाळ्यात पातळी खाली जाते आणि खाडीकाठी खारं पाणी आत सरकतं. ते फाउंटनमध्ये गेलं की कॅल्शियम शाईतल्या आणि फाउंटनमधल्या आम्लांशी संयोग पावून न विरघळणारे क्षार तयार होतात, आणि रबराच्या बारीक छिद्रांत बसतात. आर्ट पेपरच्या लेपातलं कॅल्शियम कार्बोनेटही त्यात भर घालतं. हा थर पाणी ओढतो आणि शाई झिडकारतो. रॉकेलने शाईचं तेल जातं, क्षार जात नाही. म्हणजे हेल्पर रोज शाई काढत होता आणि थर रोज जाड होत होता.

शिवाय जड पाण्यातले बायकार्बोनेट फाउंटनचं आम्ल खाऊन टाकतात. पीएच, म्हणजे आम्लतेचं माप, साधारण ४.८ ते ५.३ राहायला हवा (आम्ल कमी झालं की आकडा वाढतो), तो वर चढतो आणि प्लेट घाण मारते.

तिथे आम्ही आम्लयुक्त डिग्लेझर, म्हणजे रोलरवरचा चकाकता थर काढणारं द्रावण, वापरला, वर साध्या पाण्याने धुतलं, आणि फाउंटनला आरओचं पाणी सुरू केलं. कोपऱ्यात टाकलेला जुना संचसुद्धा परत मशीनवर चढला. पण आरओचं पाणी वापरायचं तर फाउंटनच्या पाण्यात मिसळायचं सोल्यूशन मऊ, म्हणजे क्षार नसलेल्या, पाण्यासाठीचंच घ्या, ते वेगळं मिळतं.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, तेव्हा बाकीचं भराभर.

कडकपणा ड्युरोमीटरने मोजा. शाईचे नवे रोलर शोअर ए मापात साधारण २५ ते ३५ असतात. डिग्लेझ करण्याआधी आणि नंतर, दोन्ही वेळा मोजा. आकडा खाली आला तर दोष थराचा, नाही आला तर रबर म्हातारं झालंय, ते बदला.

पट्टी घेतल्याशिवाय रोलर काढू नका. शाई लावलेला रोलर थांबलेल्या प्लेटवर टेकवून उचला, शाईची जी रेघ उमटते ती पट्टी. लहान शीटफेड (सुट्या कागदांवर छापणाऱ्या) मशीनला पट्टी ३-४ मिलिमीटर, नक्की माप मशीनच्या पुस्तकात असतं. एका टोकाला जाड, दुसऱ्याला बारीक आली तर सेटिंग तिरकं. दोन्ही टोकं जाड आणि मध्य बारीक असेल तर टोकं फुगली आहेत. छोटा कागद सतत चालवला की टोकांना शाई मिळत नाही, ती कोरडी घासून तापतात. तिथे थोडं रोलर-वंगण लावत जा.

थिनर नको, नायट्राइल फुगतं. यूव्ही, म्हणजे अतिनील प्रकाशाने सुकणाऱ्या, शाईला ईपीडीएम या वेगळ्या रबराचे रोलर असतील तर त्यांना रॉकेल चालत नाही, शाईच्या कंपनीने सांगितलेलाच वॉश घ्या. जादा रोलर रबर टेकेल असे आडवे टाकू नका, त्यांच्या दांड्याच्या टोकांवर टांगा, काळ्या कागदात गुंडाळा, आणि मोटरपासून लांब ठेवा, तिथला ओझोन रबराला चिरा पाडतो.

आणि गणपतीच्या सुट्टीत मशीन बंद करताना रोलर उचललेले आहेत ना, ते स्वतः पाहा. टेकलेले राहिले तर रबर दबून सपाट डाग पडतो आणि तो छपाईत पट्टा होऊन उमटतो. आपल्या विहिरीच्या पाण्याची बाटली कोणी आणली असेल तर माझ्याकडे द्या, पाण्यातले क्षार मोजणारा टीडीएस मीटर बरोबर आणलाय.