न मोजलेले प्रेक्षक

[दृश्य : मोबाइलवर टिपलेलं, थरथरतं चित्रण. आकाशात एक छोटं विमान, मागे लांबलचक फलक.]

निवेदन :
मे 2018. कॅलिफोर्नियातलं सँटा मोनिका. फलकावर मजकूर एवढाच : हॅशटॅग सेव्ह द एक्सपान्स. खाली ॲमेझॉन स्टुडिओजचं कार्यालय. म्हणजे, ‘द एक्सपान्स’ वाचवा. विमानाच्या भाड्याचे पैसे भरलेत याच नावाच्या टीव्ही मालिकेच्या प्रेक्षकांनी, वर्गणी काढून. मालिका दाखवणारं चॅनेल मात्र वेगळंच, सायफाय. त्यांनी ती बंद करायचं नुकतंच जाहीर केलंय. म्हणून गिऱ्हाईकच शेजारच्या दुकानावर जाऊन ओरडतंय : तुम्ही ठेवा हा माल, आम्ही घेतो.

[दृश्य : मालिकेची शीर्षकं. बर्फ वाहून नेणारं यान. सेरेस या लघुग्रहावरच्या बोगद्यांतली गर्दी.]

निवेदन :
‘द एक्सपान्स’ सायफायवर सुरू झाली डिसेंबर 2015 मध्ये. डॅनियल अब्राहम आणि टाय फ्रँक हे दोघे मिळून जेम्स एस. ए. कोरी या टोपणनावाने लिहितात. मालिका त्यांच्याच कादंबऱ्यांवर बेतलेली. काही शतकांनंतरची सूर्यमाला. पृथ्वी थकलेली, मंगळ स्वतंत्र आणि शस्त्रसज्ज. आणि लघुग्रहांच्या पट्ट्यात या दोघांसाठी राबणारे बेल्टर, ज्यांना हवा आणि पाणीसुद्धा मोजून मिळतं.

[बाइट : प्रेक्षक 1 आणि 2, एकापाठोपाठ.]

निवेदन :
गंमत अशी, की मालिकेवर जीव टाकणारेसुद्धा पहिल्या सीझनबद्दल बोलायला लागले की आधी तक्रारीच सांगतात. नावं फार. अंधार फार. तीन ठिकाणी तीन गोष्टी, आणि त्या एकत्र कधी येणार याचा पत्ता नाही. त्यात बेल्टरांची बोली. निक फार्मर यांनी ती मालिकेसाठी खास घडवली, आणि कित्येक वाक्यं अर्थ न देता तशीच सोडून दिलेली. कुणी ती दुसऱ्याच भागात सोडली, कुणी झोपी गेलं. तरी या मंडळींचा नव्या माणसाला एकच सल्ला : चौथा भाग होईपर्यंत थांब.

[दृश्य : चौथा भाग. मंगळाच्या युद्धनौकेचा अंतर्भाग. भिंतीला आरपार भोक.]

निवेदन :
हा तो चौथा भाग. बोलता बोलता एक माणूस मरतो. बाहेरून आलेला गोळा यानाच्या एका भिंतीतून शिरून दुसरीतून निघून जातो, आणि खोलीतली हवा दोन्ही भोकांमधून पळायला लागते. शोक करायला सवड नाही, आधी भोकं बुजवायची. कथेसाठी थांबलेले आणि विज्ञानासाठी थांबलेले, दोन्ही प्रेक्षक इथे पहिल्यांदा एका बाकावर बसले.

[दृश्य : एका चाहत्याच्या टेबलावर यानाचं मॉडेल. हात मजले वेगळे करून दाखवतायत.]

निवेदन :
या मॉडेलकडे नीट बघा. विज्ञानकथांमधल्या यानांचे मजले बहुधा जहाजासारखे आडवे असतात. इथे ते इंजिनावर एकावर एक रचलेले आहेत. कारण सरळ आहे. यान वेग वाढवत असेल तर आतल्या माणसाला वजन जाणवतं ते इंजिनाच्या दिशेने, म्हणून जमीनही त्याच बाजूला. इंजिन बंद झालं की सगळं तरंगायला लागतं. अर्धा प्रवास वेग वाढवायचा, मध्यावर यान उलटं फिरवायचं आणि उरलेला अर्धा प्रवास तोच जोर वेग कमी करायला वापरायचा. वेग फार वाढवायचा असेल तर खुर्चीत बांधून घ्यायचं आणि शरीर टिकावं म्हणून नसेत औषध टोचून घ्यायचं. मालिकेचे सूत्रधार नरेन शंकर यांनी कॉर्नेल विद्यापीठातून उपयोजित भौतिकशास्त्रात डॉक्टरेट केली आहे. पडद्यावर ते न सांगताही कळतं.

[दृश्य : सेरेस. पेल्यात ओतलेली दारूची धार वाकडी पडते. मग पहिल्या भागातला पक्षी, पंख जेमतेम हलवत तरंगणारा.]

निवेदन :
सेरेस हा लघुग्रह मालिकेत गरागरा फिरवलेला आहे, आतल्या माणसांना वजन मिळावं म्हणून. फिरत्या जागेत सोडलेली धार सरळ पडत नाही. आणि असं मिळालेलं वजन कमीच, म्हणून पक्ष्याला पंख जेमतेम हलवले तरी पुरतं. हे दृश्य दोन-चार सेकंदांचं, आणि कुणी त्यावर एक शब्दही बोलत नाही. पण आम्ही ज्यांच्या ज्यांच्याशी बोललो, त्यांनी आपणहून ही धार आणि हा पक्षी आठवला. युद्धं नंतर आठवली.

[दृश्य : पाचवा सीझन. नेओमी अंतराळपोशाखाशिवाय एका यानातून दुसऱ्याकडे झेपावते.]

निवेदन :
आणि हे दृश्य, ज्यावरून सगळ्यात जास्त जुंपली. मालिकेतल्या मुख्य पात्रांपैकी एक, नेओमी नागाटा, प्राणवायूने भरलेलं रक्त टोचून घेते आणि निर्वात पोकळीत उडी मारते, अंगात अंतराळपोशाख नाही. डॉमिनिक टिपर या अभिनेत्रीचा चेहरा क्षणभर तसाच बघा.

[दोन सेकंद शांतता.]

एक बाजू म्हणाली, अशक्य. माणूस जागच्या जागी फुटेल. दुसरी बाजू पुरावा घेऊन आली.

[दृश्य : नासाचं जुनं चित्रण. निर्वात कक्षात पांढऱ्या पोशाखातला माणूस मागे कोसळतो.]

1966, ह्यूस्टन. नासाचे तंत्रज्ञ जिम लब्लँक निर्वात कक्षात पोशाखाची चाचणी देत होते. हवेची नळी सुटली. सुमारे 14 सेकंदांत ते बेशुद्ध पडले. शुद्ध हरपण्याआधीची आठवण त्यांनी नंतर सांगितली : जिभेवरची लाळ उकळायला लागली होती. कक्षात पुन्हा हवा भरली, ते शुद्धीवर आले आणि त्यांना कायमची इजा झाली नाही. म्हणजे माणूस फुटत नाही. काही सेकंद मिळतात. नेओमीला तेवढेच हवे होते.

सगळं काही मालिकेच्या बाजूने जात नाही. अवकाशात आवाज जात नाही, तरी इथली इंजिनं गरजतात. इंजिनाची एवढी उष्णता बाहेर टाकायला या यानांना प्रचंड पत्रे लागतील, ते कुठेच दिसत नाहीत. आणि इतक्या थोड्या इंधनात इतकं पळणारं इंजिन, ती तर निव्वळ कल्पना. हे दोष आम्हाला मालिकेच्या विरोधकांनी दाखवले नाहीत, तिच्या कट्टर चाहत्यांनी दाखवले. प्रत्येक भाग थांबवून थांबवून पाहणारी ही माणसं. अशा प्रेक्षकाला टीव्हीच्या हिशेबात रकानाच नव्हता.

[दृश्य : रिकामा सोफा, चालू टीव्ही. मग रेल्वेच्या डब्यात फोनवर मालिका बघणारा तरुण.]

निवेदन :
सायफायकडे हक्क होते ते फक्त अमेरिकेत पहिल्यांदा प्रक्षेपण करण्याचे. त्यामुळे चॅनेलच्या कामाचा प्रेक्षक एकच : ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी टीव्हीसमोर बसणारा. नंतर सवडीने पाहणारा, स्ट्रीमिंगवर सलग पाहणारा, दुसऱ्या देशात पाहणारा, यातला कुणीही त्यांच्या तिजोरीत भर घालत नव्हता. आणि विज्ञानकथांचे प्रेक्षक नेमके तिकडेच जास्त. तिसरा सीझन एप्रिल 2018 मध्ये सुरू झाला. 11 मे रोजी, सीझन अर्ध्यात असताना, बातमी आली : यापुढे नाही. चॅनेलचा हिशेब त्यांच्यापुरता बरोबरच होता. पण ज्यांना मोजलंच नाही, त्यांना आवडत नाही असं कसं म्हणणार?

[दृश्य : स्क्रीनवर याचिकेचा वाढत जाणारा आकडा. समाजमाध्यमांवरच्या नोंदी झरझर सरकतात.]

निवेदन :
मग मोजून घेण्याचं काम प्रेक्षकांनीच हाती घेतलं. ऑनलाइन याचिकेवर एक लाखाहून जास्त सह्या जमल्या. लेखक जॉर्ज आर. आर. मार्टिन पाठीशी उभे राहिले. आंद्रेआस मोगेन्सन यांनीही पाठिंबा दिला. हे डेन्मार्कचे अंतराळवीर, 2015 मध्ये आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर जाऊन आलेले. वजन नसताना माणूस कसा वावरतो, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. मालिकेची निर्मिती करणारी अल्कॉन कंपनी दरम्यान नवं घर शोधत होती. आणि विमान तुम्ही पाहिलंच.

[दृश्य : लॉस एंजेलिस. परिषदेचा मंच, समोर जेवणाची टेबलं.]

निवेदन :
25 मे. नॅशनल स्पेस सोसायटीची अंतराळ विकास परिषद. मंचावर ॲमेझॉनचे जेफ बेझोस. समोरच्या टेबलांवर मालिकेतले काही कलाकार आणि नरेन शंकर. बेझोस सांगतात, अर्ध्या तासापूर्वी मी या मंडळींना म्हणालो होतो की प्रयत्न चालू आहेत, पण अजून पक्कं नाही. आणि दहा मिनिटांपूर्वी, जेवण चालू असताना, निरोप आला. मालिका वाचली.

[दृश्य : टाळ्या, आरोळ्या. कलाकारांचे चेहरे. निवेदन नको, आवाज तसाच ठेवा. 8 सेकंद.]

निवेदन :
बंदची बातमी येऊन चौदा दिवस झाले होते. लाखभर सह्या एकीकडे, आणि निर्णय अखेर एकाच श्रीमंत माणसाच्या घरचा, हेही खरं. पुढे तीन सीझन आले, 26 भाग. जानेवारी 2022 मध्ये मालिका संपली.

[बाइट : प्रेक्षक 3. मागे भिंतीवर बेल्टरांचं बोधचिन्ह.]

निवेदन :
त्या 26 भागांवर एकमत शोधू नका. चौथा सीझन डिसेंबर 2019 मध्ये एकदम दहा भाग असा आला. बऱ्याच जणांनी तो एका बैठकीत संपवला आणि मग बोलायला काही उरलं नाही. पाचव्यापासून दर आठवड्याला एक भाग अशी चाल पुन्हा धरली, तसे वादही परत आले. पाचव्यात मुख्य चौघांची ताटातूट केल्याचा राग काहींना आजही आहे. आमच्या मते तोच सीझन सर्वांत भक्कम. पण इथे बसलेल्या तिघांपैकी दोघांना ते पटत नाही.

[दृश्य : सहावा सीझन. परक्या ग्रहावरचं जंगल, एक लहान मुलगी.]

निवेदन :
सहाव्या सीझनबद्दल मात्र तक्रार एकच. भाग फक्त सहा. आणि वेळ इतका अपुरा असताना प्रत्येक भागाची सुरुवात या मुलीच्या गोष्टीने. मुख्य युद्धाशी तिचा संबंध नाही. तिच्या गोष्टीचे धागे उरलेल्या तीन कादंबऱ्यांत पसरतात, आणि त्या कादंबऱ्यांवर मालिका झालेली नाही. काहींना हा प्रेक्षकांचा अपमान वाटतो. काहींना ते मुद्दाम उघडं ठेवलेलं दार वाटतं, कारण सहाव्या आणि सातव्या कादंबरीच्या मध्ये तीस वर्षांचं अंतर आहे. कलाकार म्हातारे झाले तरी बिघडत नाही, उलट बरंच, असा त्यांचा हिशेब.

त्या मुलीचं पुढे काय होतं, ते पुस्तकं वाचलेल्यांना ठाऊक आहे. कॅमेरा बंद झाल्यावर त्यांच्यातल्या एकाने ते आम्हाला इत्थंभूत सांगितलं. इथे घेतलेलं नाही.

[श्रेयनामावली.]