उसाच्या फडावरच्या आईबापांनो, शाळेतून राम राम

(दृश्य: सकाळ. शाळेचं पत्र्याचं गेट, मागं बालाघाटाचा डोंगर)

राम राम मंडळी, शाळेतून मोठ्या बाई बोलतेय. पालकसभा घ्यायची होती, पण घेऊ कुणाची, दिवाळीचे दिवे विझतात न विझतात तोवर धारूर म्हणा, वडवणी म्हणा, शिरूर म्हणा, आपल्या बीडकडची गावंच्या गावं ट्रॅक्टरात बसून ऊस तोडायला कारखान्याला जातात, कुणी सांगली, कुणी कोल्हापूर, कुणी पार बेळगावकडं. म्हणून म्हटलं व्हिडिओ करून ग्रुपवर टाकावा, रात्री कोपीवर, आपल्या झोपडीत, भाकरी झाल्यावर बघा, रेंज आली तर.

आधी तब्येतीचं सांगते, कारण तुमचा जीव तिथंच अडकलेला असतो. सगळी लेकरं ठीक आहेत. एकजण बोरीच्या झाडावरून पडला, हात मोडलेला नाही, कोपर खरचटलंय, पट्टी केली, दुसऱ्या दिवशी परत त्याच झाडाखाली. आजीनं तुम्हाला सांगितलं नाही म्हणून तिच्यावर चिडू नका, मीच म्हटलं होतं की रात्री नऊला फोन करून घाबरवू नका.

(दृश्य: हंगामी वसतिगृह. ताटांची रांग)

जेवणाचं असं आहे, दुपारी शाळेतला पोषण आहार, भात आणि मटकीची नाहीतर हरभऱ्याची उसळ, पहिली ते पाचवीला एका लेकरामागं 100 ग्रॅम तांदूळ धरलेला असतो, आणि सकाळ-रात्री वसतिगृहाचं. झोपायला लेकरं आजीकडंच जातात. आता खरं सांगायचं तर पहिल्या आठवड्यात भाकरी जाड व्हायची, लेकरं अर्धी टाकून द्यायची, मग स्वयंपाकाच्या मावशींना सांगितलं की चार भाकरी कमी झाल्या तरी चालतील पण पातळ थापा. आता ताटं रिकामी येतात.

ह्या जेवणाचा हिशेब शाळा व्यवस्थापन समितीपुढं ठेवायचा असतो. 2009 च्या कायद्यानं समितीत चारातले तीन पालक पाहिजेत, एकूण समितीत निम्म्या बाया, आणि आमचे पालक मार्चपर्यंत फडावर! मग मीटिंगला आज्या येतात, सही-अंगठ्याला तुमच्याच माघारी तुमचंच माणूस लागतं ना. गेल्या मीटिंगला एका आजीनं विचारलं, बाई, तेल एवढं कसं लागलं? मी वही काढून दाखवली, तरी तिनं डबा बघितलाच. असे मेंबर असावेत, मला तरी आवडतं.

(दृश्य: तिसरी-चौथीचा वर्ग. फळा)

आम्ही दोनच शिक्षक, पहिली-दुसरी सरांकडं, तिसरी-चौथी माझ्याकडं, वर ऑनलाइन माहिती भरायचं काम ते वेगळंच, त्यावर बोलत बसले तर व्हिडिओ संपायचा नाही. अभ्यासाचं एकच सांगते. भागाकार शिकवत होते, पुस्तकातली पेन्सिल-पेरूची गणितं कुणाच्या डोक्यात शिरंनात. मग म्हटलं चला, तुमच्या घरचंच घेऊ. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली एक लाख उचल, एक कोयता, म्हणजे नवरा-बायकोची जोडी, दिवसाला दोन टन ऊस तोडतो, टनाला साडेतीनशे धरू, दर थोडा जास्त आहे पण सोपं पडावं म्हणून, तर उचल फिटायला किती दिवस?

वर्ग असा गप्प झाला की बाहेरचा चिमण्यांचा आवाज ऐकू यायला लागला. रोजचे सातशे, मग दोन्हीकडची दोन-दोन शून्यं छाटून हजाराला सातानं भागायचं. एकशे बेचाळीस, बाकी सहा. म्हणजे एकशे त्रेचाळीसावा दिवस उजाडल्याशिवाय काही फिटत नाही, हे चौथीतली पोरगी स्वतः म्हणाली. आणि मागच्या बाकावरचा एकजण, जो कधी तोंड उघडत नाही, तो म्हणतो, बाई, त्यात आठवड्याचा बाजार धरलाच नाही, आणि ऊस पडून राहिला त्या दिवसाचं काय?

मी खडू ठेवून दिला. त्याला सगळं माहिती आहे हो. पण भागाकार आता येतो, सगळ्यांना.

(दृश्य: भिंतीवरचा महाराष्ट्राचा नकाशा. बोटं)

हा नकाशा बघा, ज्याचे आईबाप जिकडं त्या जिल्ह्यावर त्यानं टिकली लावलीय. रोज प्रार्थना झाली की दोन-तीन जणं तिथं जाऊन बोट ठेवतात. मी बघून न बघितल्यासारखं करते.

आता जे बोलायला हा सगळा खटाटोप केला ते. संक्रांतीला तुमच्यातले काहीजण दोन दिवस येतात, आणि परत जाताना मोठ्या पोरीला संगं नेतात, धाकटं तान्हं सांभाळायला. मला कळतं, फडावर उसाच्या वाढ्यांच्या सावलीत झोपवलेल्या लेकराकडं कुणीतरी बघायला लागतं, आणि तुमचा दिवस पहाटे चारला सुरू होतो. पण गेल्या वर्षी जानेवारीत गेलेली एक पोरगी एप्रिलात आली तेव्हा जोडाक्षरं विसरली होती, तिच्याबरोबरच्या पुढं गेल्या आणि ती आपणहून मागच्या बाकावर जाऊन बसली. यंदा 3 जानेवारीला सावित्रीबाईंच्या जयंतीला तिनंच भाषण केलं, क्लिप खाली टाकलीय. आजीचं वय झालं असल तर आजीशी मी बोलते, तान्ह्याला आजीकडं ठेवून जायचं म्हणत असाल तर त्याचंही बघू, पण पोरगी इथं राहू द्या.

आणि ज्यांची लेकरं आधीच तुमच्यासंगं आहेत त्यांना आपण जाताना शिक्षण हमी कार्ड दिलंय, ते पत्र्याच्या पेटीत तळाला घालून ठेवू नका. फडाजवळच्या शाळेत दाखवा, दाखल्यावाचून बसवून घेतात. बेळगाव-निपाणीकडं मराठी शाळाही आहेत, मुकादमाला नाही, तिथल्या दुकानदाराला विचारा, त्याला बरोबर माहिती असतं.

(दृश्य: संध्याकाळ. वसतिगृहाच्या पायरीवर लेकरं)

फोनची वेळ सात ते साडेसात, साडेसातला ताटं वाढतात. रेंज पायरीवरच येते म्हणून सगळी तिथंच बसून असतात, कुणाचाही फोन वाजला की सगळ्यांची मान वर. बॅलन्स नसला तर नुसता मिस कॉल द्या, आम्ही लावतो, आणि बॅटरी संपत आली असली तर दुसऱ्याच्या कोपीवरून लावा पण लावा, नंबर ओळखीचा नसला तरी मी उचलते.