पुंगळीचे बूड आधी बघा

मंडळी, रायफल झाडली की दारू जळते, प्रायमर (बुडातली, दारू पेटवणारी टोपी) खर्ची पडतो, गोळी निघून जाते. मागे उरते ती पितळी पुंगळी. पुन्हा भरून वापरता येईल असा भाग तेवढाच, म्हणून आज बोलायचे ते तिच्याबद्दल. एक गोष्ट मात्र आधी सांगायला हवी. काडतूस तयार करायला शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ खाली वेगळा परवाना लागतो. बंदूक बाळगण्याचा परवाना त्याला पुरत नाही.

हे पितळ म्हणजे ७० टक्के तांबे आणि ३० टक्के जस्त. पुंगळीची मान मऊ हवी आणि बूड कडक हवे. बार उडताना मान आणि अंग फुगून चेंबरला, म्हणजे नळीतल्या काडतूस बसायच्या जागेला, घट्ट बसतात, त्यामुळे वायू मागे येत नाही. बुडाने मात्र सगळा दाब झेलायचा असतो.

बहुतेक जण तडा शोधायला मानेकडे बघतात. मान फाटली तर ती पुंगळी वाया जाते, एवढेच. खरा धोका बुडाच्या थोडा वर असतो. अंग चेंबरला चिकटते आणि बूड मागे बोल्टवर, म्हणजे चेंबर मागून बंद करणाऱ्या दांड्यावर, रेलते, त्यामुळे मधले पितळ ताणले जाते. पुंगळी पुन्हा मापात आणणाऱ्या साच्यात, म्हणजे डायमध्ये, खांदा (मानेखालचा उतार) गरजेपेक्षा जास्त मागे दाबला की हा ताण दर वेळी नव्याने बसतो. बाहेरून बुडाजवळ चकचकीत कडे दिसते. पण तेवढ्यावर विसंबू नका, कारण डायच्या घर्षणानेही तशी रेघ उठते. बारीक तारेचे टोक काटकोनात वाकवा, पुंगळीत घाला आणि आतल्या भिंतीवरून बुडाकडून वर ओढा. टोक खाचेत अडले तर भिंत आतून पातळ होत चालली आहे असे समजा. ती पुंगळी तिथेच बाद करा, कारण पुढच्या बारात बूड तुटून वेगळे होऊ शकते आणि गरम वायू मागे येऊ शकतो. खांदा ०.०२५ ते ०.०५ मिलिमीटर एवढाच मागे सरकवला तर हे दुखणे बरेच लांबते. प्रायमर बोटाच्या जोराने सहज बसू लागला, तर बूड फुगले आहे. तीही बादच.

पितळ पुढेही सरकते, म्हणून लांबी मोजा. .३०८ विंचेस्टर या काडतुसाच्या पुंगळीची कमाल लांबी ५१.१८ मिलिमीटर, कापून ती ५०.९३ वर आणतात. जास्त लांब राहिली तर तोंड चेंबरच्या टोकाला चेपते, गोळी आवळली जाते आणि दाब चढतो.

आता तापवण्याकडे वळू. तांबट भांडे ठोकता ठोकता मध्येच भट्टीत घालतो, कारण ठोकलेले पितळ कडक होत जाते आणि तसेच ठोकले तर तडकते. पुंगळीच्या मानेचेही तेच. फरक इतकाच की तांबट अख्खे भांडे तापवतो, इथे मान आणि खांदाच तापवायचा. बूड पाण्यात उभे ठेवून ज्योत फक्त मानेवर, तीही काही सेकंद. अंधाऱ्या जागी लाली दिसायच्या आधी थांबा. पुंगळ्या ओव्हनमध्ये किंवा भट्टीत एकदम घालू नका. बूड मऊ पडले की ते पुन्हा कडक करायची सोय नाही. पोलादाप्रमाणे पितळ पाण्यात बुडवून कडक होत नाही. पाण्याचे काम उष्णता बुडापर्यंत पोचू न देणे, एवढेच.

साफसफाई सोपी आहे. भरडलेल्या मक्याच्या बुरकुंडात घोळवा किंवा लिंबूसत्त्वाच्या पातळ पाण्यात थोडा वेळ ठेवा. गुलाबी छटा आली तर जस्त निघू लागले आहे, लगेच बाहेर काढा. कोरड्या घोळणीच्या धुळीत प्रायमरमधले शिसे असते. तोंडाला मास्क लावा, हात धुवा.

आणि साठवण. ब्रिटिश अमलात हिंदुस्थानात पावसाळ्यात साठवलेली काडतुसे आपोआप तडकत. १९२१ मध्ये उलगडा झाला की तबेल्यातल्या घोड्यांच्या मुतातला अमोनिया, दमट हवा आणि पितळातला राहिलेला ताण हे तिन्ही एकत्र आले की तडा जातो. सोलापूरकडे युरियाची पोती आणि गोठा एकाच छपराखाली असतात. पुंगळ्या तिथे ठेवू नका. अमोनिया असलेले चकाकी आणणारे द्रवही वापरू नका.

एका खोक्यातल्या पुंगळ्या किती वेळा भरल्या, ते खोक्यावर लिहा आणि दोन खोकी मिसळू नका. एका खोक्यात तीन-चार पुंगळ्यांच्या बुडाशी खाच लागली, तर सगळे खोके बाद. टाकताना प्रत्येक मान पकडीने चेपून टाका, म्हणजे भंगारातून ती कुणाच्या हाती पुन्हा लागणार नाही.