किसुमूचे २,७८४ तरुण

व्हिक्टोरिया सरोवर, पहाटेची वेळ. रात्रभर मासेमारी करून होड्या काठाला लागताहेत. सरोवराच्या केनियाकडच्या काठावरचं हे शहर किसुमू. इथल्या लुओ समाजात सुंतेची चाल नव्हती. पूर्वी वयात येताना खालचे सहा दात काढत. या आजोबांनी हसून दाखवली ना, तीच ती खूण!

सुंता होत नाही तिथे एचआयव्ही जास्त दिसतो, हे आफ्रिकेतल्या डॉक्टरांच्या १९८०च्या दशकातच लक्षात आलं होतं. पण कारण सुंता, की धर्म, की राहणीमान? नुसत्या आकड्यांवरून कळेना. मग किसुमूत १८ ते २४ वयाचे २,७८४ तरुण पुढे आले. सगळे सुंतेला तयार होते. आधी कोणाची, हे मात्र सोडतीवर ठरलं. अर्ध्यांची लगेच, बाकीच्यांची दोन वर्षांनी. समुपदेशन आणि कंडोम दोन्ही गटांना सारखेच. दर काही महिन्यांनी रक्ततपासणी. स्वतःचं शरीर असं सोडतीवर सोपवायला धीर लागतो.

सुंता झालेल्यांत २२ जणांना लागण झाली, न झालेल्यांत ४७ जणांना. डिसेंबर २००६ मध्ये चाचणी मुदतीआधीच थांबवली. फरक इतका स्पष्ट असताना उरलेल्यांना ताटकळत ठेवणं योग्य नव्हतं. दक्षिण आफ्रिकेतल्या ऑरेंज फार्म आणि युगांडातल्या राकाई इथल्या चाचण्यांनीही हेच सांगितलं: स्त्रीकडून पुरुषाला होणारी लागण निम्म्याहून कमी होते.

आता सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. ही अग्रत्वचेची, म्हणजे सुंतेत काढतात त्या कातडीची, आतली बाजू. विषाणू ज्या पेशींना धरतो, त्या इथे वरच्यावरच सापडतात. अग्रत्वचेखालच्या ओलाव्यात वाढणारे काही जीवाणू दाह वाढवतात आणि अशा आणखी पेशी तिथे ओढून आणतात. अलीकडचं काही संशोधन याच जीवाणूंभोवती आहे. चीनमध्ये पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या २४७ पुरुषांवरची सुंतेची चाचणी २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली. सुंता झालेल्यांत एकालाही लागण नाही, दुसऱ्या गटात पाच जणांना. चाचणी लहान, पण दखल घ्यावी अशी.

स्त्रियांना याचं थेट संरक्षण मिळत नाही. सुंता झाली तरी कंडोम वापरावाच लागतो. २०२५च्या सुरुवातीला अमेरिकेचा निधी अडला आणि अनेक ठिकाणी सुंता करण्याचं काम थांबलं.

हे दवाखान्यातलं टेबल. प्लास्टिकची दोन कडी, एकात एक बसणारी. हे शांगरिंग, सुंता करायचं साधन. टाके लागत नाहीत. पण त्याआधीची ही खोली आम्हाला अधिक महत्त्वाची वाटते. इथे तरुणाला सगळं समजावून सांगतात, एचआयव्ही तपासणीबद्दल विचारतात. नको असेल तर तो उठून जाऊ शकतो.

सातव्या दिवशी तो परत आला आहे. परिचारिका कडी काढते, जखम तपासते. सहा आठवडे संबंध नाहीत, ती पुन्हा बजावते. तो बोटांवर आठवडे मोजतो.