गाठीची कड

(पाषाण रस्ता, सकाळ. प्रयोगशाळेतलं टेबल, हात.)

हे सायट्रिक अ‍ॅसिड. लिंबाला आंबट करतं तेच. हा युरिया, शेतात टाकतात तो. दोन्ही पाण्यात विरघळवायचे, टेफ्लॉनच्या भांड्यात ओतायचे, वर स्टीलचं कवच आवळायचं. मग ओव्हनमध्ये, १८० अंशांवर, काही तास. निवेपर्यंत झाकणाला हात लावायचा नाही, आत दाब असतो.

निघतं ते कोऱ्या चहासारखं तपकिरी पाणी. आता दिवे घालवू.

(काळोख. अतिनील दिवा. बाटली निळी उजळते. निवेदन थांबतं.)

हे कार्बन डॉट, कार्बनचे उजळणारे कण. मेंदूतल्या गाठीची कड सर्जनला दिसावी, म्हणून हा खटाटोप. एकेक कण १० नॅनोमीटरहून लहान. आपला केस ८०,००० नॅनोमीटरच्या आसपास जाड असतो. २००४ साली अमेरिकेत कार्बनच्या नॅनोनळ्या शुद्ध करताना हे कण अवचित हाती लागले. ज्यांच्या शोधाला २०२३चं नोबेल मिळालं ते क्वांटम डॉट नावाचे कणही असेच उजळतात, पण त्यांतल्या अनेकांत कॅडमियम असतं. ते विष माणसाच्या मेंदूत कोण सोडणार?

(पिशवी, पाण्याचं भांडं.)

कणांसोबतची घाण गाळून काढायला ही डायलिसिसची पिशवी. पाणी बदलायचं, पुन्हा बदलायचं, रात्रीसुद्धा. इथे कंटाळा केला तर पुढचं सगळं वाया. हे काम कुणाला दिसत नाही, म्हणूनच कॅमेरा इथे जास्त वेळ ठेवलाय.

मग कणांना ट्रान्सफेरिन जोडतात, रक्तात लोह वाहून नेणारं प्रथिन. ग्लायोमाच्या, म्हणजे मेंदूतल्या एका प्रकारच्या गाठीच्या, पेशींना लोहाची हाव असते, त्या ते ओढून घेतात. मेंदूच्या रक्तवाहिन्यांची भिंतही सहसा कुणाला आत सोडत नाही. ट्रान्सफेरिनला मात्र तिथे वाट आहे.

(सूक्ष्मदर्शकाचा पडदा.)

या सी-सिक्स पेशी, उंदराच्या मेंदूतल्या गाठीपासून वाढवलेल्या. देशभरच्या प्रयोगशाळांना अशा पेशी पुरवणारं भांडार पुण्यातच आहे, गणेशखिंडीला, राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्रात. बघा, पेशी आतून उजळल्या.

सर्जनला हवी असते ती हीच खूण. ग्लायोमा निरोगी मेंदूत मुळांसारखा पसरतो, साध्या डोळ्यांना त्याची कड सापडत नाही. थोडं राहिलं तर गाठ परत येते, जास्त कापलं तर बोलणं-चालणं जातं.

हे कण अजून रुग्णापर्यंत पोचलेले नाहीत. ते शरीराबाहेर कसे पडतात, हेही तपासायचंय. शिवाय निळा प्रकाश ऊतींत खोलवर जात नाही, लाल जास्त आत जातो.

(ओव्हनचं दार बंद होतं.)

आजच्या भांड्यातले कण लाल उजळायला हवेत. उद्या सकाळी उघडायचंय.