मोहरी येईपर्यंत

नमस्कार श्रोतेहो. आज एका घावनवालीची आणि वाटीभर मोहरीची गोष्ट.

घावनवाली नेदरलँड्सची. तिथला चित्रकार रेम्ब्रांट, त्याने 1635 साली तिचं एचिंग केलं, तळहातावर मावेल एवढं, उंची जेमतेम 11 सेंटिमीटर. तिचं पॅनकेक म्हणजे आपल्या घावनाचं भावंडच. म्हातारी बसून भाजते आहे, भोवती पोरांचा गराडा, आणि अगदी पुढे एक लहानगं आपला वाटा कुत्र्यापासून वाचवायला धडपडतंय.

एचिंग म्हणजे काय? तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा पातळ थर द्यायचा, त्यावर सुईने चित्र काढायचं आणि पत्रा तिजाबात ठेवायचा. जिथलं मेण सुईने निघालं तिथलंच तांबं तिजाब खातं. चिंचेने तांब्या-घागरी घासणाऱ्यांना आंबटाचा आणि तांब्याचा संबंध सांगायला नको. खाचांत शाई भरली, कागद दाबला, की छाप तयार. लक्षात ठेवा, हातात छिन्नी नाही, सुई आहे. सुई मेणावरून बोरूसारखी पळते. म्हणून तर त्या काळातलं साधं घर या चित्रांत एवढं जिवंत उतरलं. हार्लेमच्या आड्रियान व्हान ओस्टाडेने 50 च्या आसपास एचिंग्ज केली. 1653 च्या एका एचिंगमध्ये गरीब कुटुंब जेवणाआधी प्रार्थना करतंय, बस्स, एवढंच.

आपल्या घरातले अल्बम काढून बघा. लग्न, मुंज, बारसं, सगळे नटलेले. भाकरी थापणाऱ्या आजीचा फोटो किती घरांत आहे? मला याचं फार वाईट वाटतं. आजी आहे तोवर काढून ठेवा.

तर मोहरी. रेम्ब्रांट त्याचा श्रीमंत मित्र यान सिक्स याच्याकडे, गावाबाहेरच्या घरी जेवायला गेला होता. पानं वाढली, सगळे बसले, आणि लक्षात आलं की मोहरी नाही. आपण लोणच्यासाठी फेसतो ना, नाकात जाणारी, तशी वाटलेली मोहरी तिकडे मांसाबरोबर लागतेच. सिक्सने गड्याला गावात पिटाळलं, ‘पळ, लवकर घेऊन ये!’ गडी होता मुलखाचा संथ, आणि रेम्ब्रांटला ते ठाऊक होतं. तो म्हणाला, ‘पैज लाव. हा मोहरी घेऊन येईपर्यंत मी एक पत्रा पुरा करतो.’ मेण दिलेले पत्रे तो नेहमी जवळच बाळगायचा, म्हणजे मेण आधीच लावलेलं, तिजाबाचं काम नंतरचं, मधे राहिली फक्त सुई. खिडकीतून दिसत होतं ते त्याने उतरवायला घेतलं. एक लाकडी पूल, कठड्यापाशी दोन माणसं, जवळच उंच झाडं, मागे सपाट रान. झाडांची पानं नुसत्या वेटोळ्यांची, पुलाचा कठडा मोजक्या सरळ रेघांचा.

ही गोष्ट पॅरिसचा चित्रव्यापारी जेर्सां याने लिहून ठेवली, ती छापली गेली 1751 मध्ये, म्हणजे शंभरेक वर्षांनी. खरी किती, देव जाणे. पण ‘सिक्सचा पूल’ हे 1645 चं एचिंग आजही आहे, आणि त्यातल्या रेघा बघितल्या की घाई दिसते, मला तर दरवेळी दिसते.

गडी मोहरी घेऊन दारात आला, तेव्हा रेम्ब्रांटने सुई खाली ठेवली होती.